आठ किलो

तुर्भ्याच्या एमआयडीसीत सलाउद्दीन मिस्त्री
बॅरल उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो
आणि बराच वेळ काही बोलत नाही.
आत खाचा वळत गेलेल्या, दहा इंचाला एक फेरा,
जिन्यासारख्या, ज्याच्या टोकाला नुसतं आभाळ.
"माल चांगला आहे," म्हणतो, "पण जड."

जड मीच मागितली होती.
पातळ नळी पाचव्या गोळीला तापते,
दहाव्या गोळीला स्वतःच्या मनाने चालते.
जड नळी तापायला वेळ घेते, रुसायलाही.
पीएफवरचं कर्ज, दोन दिवाळ्यांचा बोनस,
वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या वह्यांवर
वाकून काढलेले रविवार,
सगळं सहासष्ट सेंटिमीटर पोलादात गेलं.

ट्रिगर मात्र जुनाच ठेवला.
कॅटलॉगात नवा होता, फुंकर मारली तरी सुटेल असा.
मला सुटणारा नको, विचारणारा हवा.
एक टप्पा. मग थांबा:
नक्की ना?
मग दुसरा.

स्टॉक अक्रोडाचा नाही, थर चिकटवलेल्या लाकडाचा.
खाडीची हवा लाकडात शिरते
आणि कालची सरळ रेघ आज सरळ राहत नाही.
गालाची पट्टी दोन मिलिमीटर खाली. परत वर.
चष्म्याचा नंबर बदलला, परत खाली.
खांद्याची कडी मिस्त्रीने तीनदा घासली:
"बाई, खांदा एकच आहे ना, की रोज बदलून आणता?"

नियमाचा कागद म्हणतो आठ किलो,
वर एक ग्रॅम नाही.
बोल्ट घरी कुलपात ठेवून, बाजार उठल्यावर,
दिवाळ्यात हसुरामकाकाच्या काट्यावर
खवल्यांवर गोणपाट अंथरून
रायफल आडवी निजवली.
लाल आकडे थरथरले, थांबले.
आठ किलो एकशेदहा.
काका म्हणाला, "काटा कोनाचा सगा नाय, पोरी."

मग वजाबाकी.
पोलादी स्क्रू गेले, अ‍ॅल्युमिनियमचे आले: सव्वीस.
खांद्याच्या पट्टीला मिस्त्रीने चाळणीसारखी भोकं पाडली: बेचाळीस.
डाव्या हाताचा टेकू अर्धा कापला: अकरा.
उरले एकतीस.

एकतीस कुठे आहेत ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.
स्टॉकच्या पुढच्या पोकळीत, मेणात बसवलेली
बाबांच्या जाळ्याची तीन शिसं.
होडी विकली त्या वर्षी जाळं कापून टाकलं,
शिसं तेवढी बिस्किटांच्या डब्यात राहिली,
आणि माझ्या रायफलचं तोंड तेव्हा वर उडत होतं.
त्यांनीच बसवली. का, ते सांगितलं नाही.

"पुढचं काढा," मी म्हटलं.
"पुढचं काढलं तर पानी जालं उचलतं.
मधलं."
कोयतीच्या टोकाने मेण खरवडलं,
मधलं शिसं तळहातावर घेऊन फुंकलं,
बंडीच्या खिशात टाकलं.
खिसा एका बाजूला ओढला गेला.
सात किलो नऊशे नव्वद.

त्यानंतर महिनाभर रायफल अनोळखी.
तिला वीस वर्षांची सवय नव्हती, मला होती.

डोंगराखालच्या रेंजवर सकाळी मतलई,
झेंडे खाडीकडे तोंड करून आळसावलेले.
दहानंतर तीनशे मीटरवरचा झेंडा वळला,
मग दोनशेवरचा,
मग माझ्या गालाला खारं काहीतरी लागलं,
पण बोट दुसऱ्या टप्प्यात गेलं होतं.
आठ. उजवीकडे.
दोन क्लिक डावीकडे फिरवले, बोट बाहेर काढलं,
आणि नुसतीच पडून राहिले,
झेंडा परत एकदा खरं बोलेपर्यंत.

संध्याकाळी बाबांनी गुण विचारले नाहीत.
"वारा कवा फिरला?"
"दहा वाजून दहाला."
"उशिरान आला," म्हणाले,
आणि खिशात हात घालून
काहीतरी चाचपत बसले.